जातेच आहेस तर

"जातेच आहेस तर" असं कुणी म्हणालं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. जातेच आहेस तर एवढं ने. जातेच आहेस तर हे तिच्या हातावर ठेव. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण काही मागितलंच नाही. बाई जाणारच आहे, तिच्या हातात पिशवी असणारच आहे, मग त्यात एक पुरचुंडी पडली तर तिचं काय जातंय? माझं काय गेलं ते आज सांगते, आणि सांगताना गोड बोलणार नाही.

पुरुषाच्या कोटाच्या खिशात हात घालायची कुणाची छाती होत नाही. त्याच्या बायकोचीसुद्धा नाही. बाईची पिशवी मात्र सगळ्यांची. तिचं तोंड कुणीही उघडावं, आत काहीही कोंबावं, वर "जड तर न्हाय ना झाली?" म्हणून विचारावं. जड झाली असं आजवर एकाही बाईनं सांगितलेलं मी ऐकलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

ही तीस सालानंतरची गोष्ट. बारामतीला लागून जळोचीत आमचं घर होतं. यजमान कालव्याच्या कचेरीत कारकून होते आणि घरची थोडी जमीन कालव्याच्या पाण्याखाली होती. तिच्यात सासूबाई माळवं करायच्या. वांगी, मिरच्या, गवार, कडेनं शेवगा. बाजारच्या दिवशी पाट्या भरून बारामतीत जायच्या आणि पाट्या रिकाम्या करूनच यायच्या. बाई कामाला वाघ होती, त्यात वाद नाही.

आमच्या गल्लीत पिशवी घेऊन हिंडणारी बाई कुणी नव्हती. जे न्यायचं ते ओच्यात, नाहीतर कनवटीला, नाहीतर पदराच्या गाठीत. सासूबाईंची कमरेला खोचलेली चंची होती, कापडाची, खणाखणांची. पानसुपारी, कात, चुन्याची डबी यांच्या जोडीला तिच्यात एक मोडकी किल्ली होती, दोरा ओवलेली सुई होती, कुठल्या तरी देवाचा अंगारा होता, आणि नातवंडाच्या घुटीसाठी म्हणून जपून ठेवलेलं एक जायफळ होतं. नातवंड आलं नव्हतं. माझ्या लग्नाला पाचवं वर्ष लागलं होतं. पान लावायला बसल्या की सासूबाई ते जायफळ बाहेर काढून माझ्यासमोर ठेवायच्या, पान लावून झालं की परत आत टाकायच्या. बोलायच्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर मलाही काही उत्तर देता आलं असतं.

मला मात्र पिशवी होती. खरी, चामड्याची, खटक्याची. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी फायनल पास झाले तेव्हा त्यांनी ती पुण्याहून आणली. आत एक मोठा कप्पा आणि एक लहान. लहान कप्प्यात सर्टिफिकेट ठेव, असं ते म्हणाले होते. मी ठेवलं. लग्न होऊन आले ती तशीच, सर्टिफिकेटासकट. पुढं ती पिशवी माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली पडून राहिली आणि मी चुलीपुढं. दिवाळीत ट्रंक आवरताना मी ती बाहेर काढायची, तेलाचं बोट फिरवायची आणि परत ठेवायची.

मग एक दिवस यजमान कचेरीतून बातमी घेऊन आले. इंदापूरच्या मुलींच्या शाळेत एक बाई हवी होती, शिवण शिकवायला आणि खालचे वर्ग सांभाळायला. यजमानांची बदली तिकडच्या कालव्यावर व्हायचं घाटतच होतं. म्हणजे नोकरी मिळाली असती तर इंदापुरात आमचं दोघांचं बिऱ्हाड झालं असतं. मला शाळा हवी होती. मुली हव्या होत्या, खडू हवा होता, घंटा हवी होती. आणि खरं सांगायचं तर ते जायफळ जिथं दिसणार नाही असं घर हवं होतं. मी त्या रात्री यजमानांच्या मागं लागले आणि सकाळी त्यांनी आईपुढं विषय काढला.

सासूबाईंनी अख्खं पान चावून संपवलं. मग म्हणाल्या, "एक डाव जाऊ दे. पर एकच डाव. न्हाय जमलं, तर पुन्यांदा नोकरीचं नाव या घरात काढायचं न्हाय. कबूल हाय का?"

"कबूल आहे, आत्याबाई," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शाळेनं कळवलं होतं की येताना स्वतःच्या हातानं शिवलेला एक नमुना आणावा. मी झबलं शिवायचं ठरवलं. झबल्यात सगळे टाके दाखवता येतात. मांजरपाटाचा मऊ तुकडा घेतला. बाजूला उलटी टीप, घेराला हेम, गळ्याला चुण्या, पाठीवर काजं, छातीवर साखळी टाक्याची लहानशी वेल. दुपारी सगळे शेतावर गेले की मी उंबऱ्यात बसायची. एक काज मनासारखं होईना म्हणून मी ते इतक्यांदा उसवलं की कापड विरायला आलं, तेव्हा पाठीची पट्टीच बदलून परत शिवली. तयार झालं तेव्हा ते इतकं चांगलं झालं होतं की माझंच मला खरं वाटेना. जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात ते गुंडाळून मी गाठ मारली आणि पिशवीत ठेवलं. सुयांची डबी, एक फणी, एक रुमाल. पिशवी मिटली तेव्हा खटका कसा टक् करून लागला.

तो खटका पुढं त्या दिवसात परत लागला नाही.

मी इंदापूरला निघाले आहे हे गल्लीत कुणी सांगितलं, मला माहीत नाही. सांगावं लागत नाही. मी पहाटे अंघोळ करून बाहेर आले तर ओट्यावर माणसं. सगळ्यात पुढं सासूबाईच. त्यांच्या मामेबहिणीकडं मी उतरणार होते, तिच्यासाठी वानवळा म्हणून वांगी काढून ठेवलेली. मी म्हणाले, वांगी वेगळ्या फडक्यात बांधून देते. तर म्हणाल्या, "दोन गाठुडी कशाला गं? एवढी लांबरुंद पिशवी हाय की." आणि काटेरी देठांची वांगी माझ्या वडिलांच्या चामड्याच्या पिशवीत गेली.

मग समोरचे तात्या. त्यांना अडकित्त्याला धार लावून हवी होती, आणि ती इंदापूरच्याच एका लोहाराकडून. जसे काही बारामतीतले लोहार गाव सोडून गेले होते. "सूनबाई, जातेच हायेस तर," म्हणत त्यांनी तो उघडाच आत सोडला. कुणी मापासाठी बांगडी दिली. कुणी कागदात अंगारा दिला, आजारी मेव्हण्याला लावायला. मी प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होते आणि आतून जळत होते. एकानंही विचारलं नाही की बाई, तू कशाला चालली आहेस.

शेवटी शेजारीण आली. तिच्या धाकट्या बहिणीला निरवांगीला मुलगा झाला होता. तिनं हिरवी पुरचुंडी पुढं केली. "वैनी, घुटीचं सामान हाय. आनी बाळुत्याला थोडी मऊ फडकी घातल्यात. फाट्यावर तिची सासू उभी ऱ्हाणार हाय, निस्तं हातात द्यायचं." हिरवी पुरचुंडी पाहून तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. तीनेक वर्षांमागं एक कापडवाला गल्लीत आला होता आणि त्याच्याकडून सगळ्यांनी एकाच गठ्ठ्यातली हिरवी लुगडी घेतली होती, त्यामुळं फाटली तीही बरोबरच, आणि गल्लीत ज्याची त्याची पुरचुंडी हिरवी. पण मोटार सुटायची वेळ झाली होती. मी ती वांग्यांच्या कडेला खुपसली आणि धावत सुटले.

सर्व्हिस मोटारीत माणसं कोंबलेली. उघडी पिशवी मी मांडीवर घेतली. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून बसले, तरी प्रत्येक गचक्याला एखादं वांगं बाहेर यायला बघायचं. शेजारचे एक म्हातारबा कौतुकानं म्हणाले, "माळवं चाललंय जणू." मनात मी धडा म्हणत होते. परीक्षक काय विचारतील, मी काय सांगेन.

निरवांगीच्या फाट्यावर एक म्हातारी पदर हलवत उभी होती. ड्रायव्हरनं मोटार थांबवली असं म्हणता यायचं नाही, थोडी हळू केली. "द्या वो बाई, लौकर द्या," म्हणून तोच ओरडायला लागला. मी पिशवीत हात घातला. देठाचा काटा बोटात घुसला. हिरवं मऊ काही हाताला लागलं ते ओढून मी खिडकीतून म्हातारीच्या हातात टाकलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि मोटार पुढं गेली. चला, एक ओझं तरी उतरलं, असं मला वाटलं.

शाळा म्हणजे एका वाणी कुटुंबाच्या घराचा पुढला सोपा होता. टेबलामागं तिघं बसले होते. मधे पागोटेवाले अध्यक्ष, एका बाजूला चष्म्याच्या तपासणीस बाई, त्या पुण्याहून आलेल्या, आणि तिसरे एक गृहस्थ, त्यांनी शेवटपर्यंत सुपारी चघळण्यापलीकडं काही केलं नाही. माझ्याखेरीज आणखी एकच बाई आली होती. कोऱ्हाळे बुद्रुकची. कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. माझ्याहून थोडी मोठी असावी. ती बाकाच्या टोकाला मांडीवर लहानशी कापडी पिशवी घेऊन बसली होती, आणि तिची पिशवी अशी सपाट होती की आत काही आहे की नाही याची शंका यावी.

मला आधी बोलावलं. सर्टिफिकेट दाखवलं. वाचून दाखवलं, फळ्यावर लिहून दाखवलं, दोन हिशेब केले. सगळं नीट चाललं होतं. तपासणीस बाई मान हलवत होत्या. मग त्या म्हणाल्या, "शिवणाचा नमुना आणलाय ना? बघू."

पिशवीच्या तळाशी हात जाईना, म्हणून मला वांगी बाहेर काढावी लागली. ती टेबलावर ठेवली. मग अडकित्ता ठेवला. "आज बाजार आहे काय?" अध्यक्ष म्हणाले आणि सुपारीवाले हसले. माझे कान तापले. मी पुरचुंडी काढली, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि मोठ्या ऐटीत गाठ सोडली.

वेखंड निघालं. बाळहिरडा, मुरडशेंग, हळकुंड, खारीक. काळ्या दोऱ्यातले दृष्टमणी निघाले. एक सागरगोटा घरंगळत अध्यक्षांच्या दौतीपर्यंत गेला. खाली फडकी, मऊ, धुवून धुवून पिवळी पडलेली.

माझं झबलं कुठं गेलं ते मला त्याच क्षणी कळलं. ते निरवांगीला गेलं होतं, कपाळाला लावून.

"घरी तान्हं मूल आहे वाटतं?" अध्यक्षांनी विचारलं. वाईट माणूस नव्हता. आवाज अगदी साधा होता.

मी सांगायला लागले, की हे माझं नाही, शेजारणीचं आहे, माझा नमुना चुकून वाटेत दिला गेला. जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं. माझं मलाच वाटत होतं, मग त्यांना का वाटू नये? तपासणीस बाईंनी मला थांबवलं. "हरकत नाही," त्या म्हणाल्या, "आत्ता शिवून दाखवा." मी त्यांच्यासमोर काज शिवलं. चांगलं आलं. बाईंनी ते उजेडात धरून पाहिलं आणि अध्यक्षांकडं सरकवलं.

अध्यक्षांनी पाहिलंही नाही. "टाका चांगलाच असेल," ते म्हणाले. "प्रश्न टाक्याचा नाही. तान्हं पोर घरी ठेवून बाई शाळेत किती दिवस येणार? आज घुटी, उद्या खोकला, परवा दात."

"मला मूल नाही," मी म्हणाले.

"नाही?"

"नाही. लग्नाला पाचवं वर्ष आहे. मूल नाही."

सासूबाईंसमोर, नवऱ्यासमोर, प्रत्यक्ष आईसमोर मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ते मी तिथं, तीन परक्या माणसांसमोर, नोकरीसाठी उच्चारलं. पुढं केलं म्हणा ना, सर्टिफिकेटासारखं. मला वाटलं, एवढं दिल्यावर तरी हे काही देतील.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर खरोखरची दया आली. "असं होय," ते म्हणाले. "काळजी करू नका हो बाई, होईल. आज ना उद्या होईलच." मग बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "पण मग पुन्हा तेच. तेव्हा शाळा कोण बघणार?"

मूल असलं तरी नको, नसलं तरी नको. तो माणूस माझ्याशी प्रेमानं बोलत होता, हाच माझा खरा संताप. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या परत दिल्या असत्या. तपासणीस बाई टेबलावरचा सागरगोटा उचलून माझ्या फडक्यात ठेवत होत्या. त्या काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी फडक्याची गाठ मारून पुरचुंडी माझ्याकडं सरकवली. मी वांगी गोळा केली आणि बाहेर आले.

कोऱ्हाळ्याची बाई आत गेली आणि लवकरच बाहेर आली. तिला पुढच्या महिन्यापासून यायला सांगितलं होतं. तिच्या पिशवीतून तिचा नमुना निघाला असणार, एक घडी घातलेलं परकर-पोलकं की काय, आणि दुसरं काहीच नाही. मी ओट्यावर बसून होते. मला तिचा राग आला होता, आणि तो लपवायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"तुमचं बरं आहे," मी म्हणाले. "तुमच्या पिशवीत तुमचंच होतं."

तिनं माझ्या वांग्यांकडं पाहिलं. मग माझ्या कुंकवाकडं पाहिलं. "माज्या हाती कोन काय धाडंल, बाई?" ती म्हणाली. "सकाळी निघाले तवा गल्लीतल्या बायांनी दारं लोटून घेतली. हितं येस्तवर वाटंत मला कुणी हटकलं सुदिक न्हाय." ती हे रडून सांगत नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगत होती. मग तिनं पिशवीतून अर्धी भाकरी काढली, तिचा तुकडा मोडून मला दिला, आणि आम्ही दोघींनी ती खाल्ली. मला तिचं अभिनंदन करायचं होतं. जमलं नाही.

नंतर तसंच तोंड घेऊन मी इंदापूरभर फिरले. मामेसासूकडं वांगी दिली. लोहार शोधला, तो जेवायला गेला होता, त्याच्या दारात उन्हात बसले. बांगडीचं माप दिलं. अंगारा नेऊन दिला तर मेव्हणा चांगला हिंडताफिरता, विहिरीवर अंघोळ करत होता. आणि एवढं करून पिशवी रिकामी झाली म्हणावी, तर आमच्याकडं कुणाची पिशवी रिकामी परत पाठवायची रीत नाही. मामेसासूनं शेंगा भरल्या. बांगडीवाल्यांनी बोरं भरली. तेलही गेलं, तूपही गेलं, धुपाटणं मात्र गच्च भरून माझ्या हाती आलं. रात्र मामेसासूकडं काढून दुसऱ्या दिवशी मी परतीच्या मोटारीत बसले.

निरवांगीच्या फाट्यावर म्हातारी परत उभी. सकाळपासून प्रत्येक मोटार बघत होती म्हणे. मी तिला घुटीची पुरचुंडी दिली आणि म्हणणार होते की काल दिलेलं माझं आहे, ते परत द्या. तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "झबलं लई ग्वाड हाय गं बाय. पोरगं जन्मल्यापास्नं पयल्यांदा नवं कापड आंगावर आलं. कुनी शिवलं?"

"मी," मी म्हणाले.

"तुला लेकरं किती?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा मी ते वाक्य उच्चारलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं नाही.

म्हातारीचा चेहरा पालटला. खिडकीतून हात घालून तिनं माझ्या गालांवरून बोटं फिरवली आणि आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. "आत्ता कळलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकराला आपल्या हातचं कापड घातलं की आपली कूस उजवती. भरून पावशील, माजी बाय." आणि कनवटीचे तांदूळ काढून तिथंच माझ्या ओटीत टाकले. सगळी मोटार कौतुकानं बघत होती. ड्रायव्हरसुद्धा या वेळी थांबला होता.

मी झबलं मागितलं नाही. लोकांना यात माझा चांगुलपणा दिसेल, म्हणून सांगते, चांगुलपणा नव्हता. ते परत घेऊन मी करणार काय होते? नोकरी गेली होती, आणि घालायला घरात लेकरू नव्हतं.

त्या मोटारीत जळोचीचं कुणी तरी असणार. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. शेजारीण धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. तात्यांनी अडकित्त्याची धार बोटावर पाहिली आणि समाधानानं मान डोलावली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरून मला आत नेलं.

"मला सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं गं? नोकरीचं निमित्त केलंस आनी नवस फेडून आलीस. मी आपली तुजा राग राग करत हुते."

"नवस नव्हता, आत्याबाई," मी म्हणाले. "तो माझा परीक्षेचा नमुना होता. चुकून गेला. त्याच्यामुळं नोकरी गेली."

"जाऊ दे की नोकरी. देवानंच चुकवलं. खरं काम तर झालं."

यजमान कोपऱ्यात उभे होते. "पुढं बघू," ते म्हणाले. पुढं काही नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. एकच डाव ठरला होता. बदलीही पुढं दुसऱ्याच कुणाची झाली आणि तशी जागा माझ्या वाट्याला परत आली नाही. पण त्या वेळी मला नुसती समजून घ्यायला एक माणूस हवं होतं, आणि घर माणसांनी भरलं होतं.

माझा तोल गेला. मी पिशवी उचलली आणि जमिनीवर उपडी केली. शेंगा, बोरं, ओटीचे तांदूळ घरभर झाले. "मी इंदापूरला पोचलेच नाही," मी ओरडले. "तुमची वांगी पोचली, त्यांचा अडकित्ता पोचला, हिची घुटी पोचली. सगळ्यांचं सगळं पोचलं. मी तेवढी राहिले. मला दुसरं काही नको होतं. एक दिवस, एकच दिवस, मला रिकामी पिशवी हवी होती."

सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. सासूबाई खाली बसल्या, तांदळाचा एकेक दाणा वेचायला लागल्या, आणि माझ्याकडं न बघता अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "असलं वंगाळ बोलू नगंस, पोरी. सवाष्णीनं रिकामी पिशवी मागू न्हाय. तसली पिशवी कुनाच्या हातात असती, ठावं हाय का तुला?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "नोकरी तिलाच मिळाली."